सातवी पायरी

लेकीच्या शाळेचा प्रवेशअर्ज चार पानी होता. पहिल्या तीन पानांत आईचं शिक्षण, वडिलांचं शिक्षण आणि घरात मुलीशी कोणत्या भाषेत बोलता असली चौकशी. चौथ्या पानावर एक चौकट होती: बालपणी गंभीर आजार झाला होता का, आणि असल्यास त्याचं कारण. कारणासाठी अर्धी ओळ सोडली होती. त्या अर्ध्या ओळीपाशी आम्ही घरातली तीन मोठी माणसं, म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई, एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर अडकलो. ते सांगायचं तर पाच वर्षं मागे जावं लागतं, आणि मागे गेलं की माझी अब्रू जाते. तरी सांगते.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली बाई. तळोज्याला एका मसाल्याच्या कारखान्यात स्वच्छता तपासते. अंगात पांढरा कोट, केसांवर जाळी, हातात निर्जंतुक कापसाच्या काड्या. टेबल, नळ, कामगार बायकांचे तळवे, समोर येईल त्यावरून काडी फिरवायची, ती जंतूंचं खाद्य घातलेल्या बशीत टेकवायची आणि दोन दिवसांनी काय उगवलंय ते बघायचं. मी पॅकिंगमध्ये शिरले की बायका आपसूक बांगड्या कोपरापर्यंत सारतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

घरी माझ्या समोर कुणी बांगड्या सारत नव्हतं. सासूबाई आपटा गावच्या. पाताळगंगेच्या पाण्यावर चार मुलं वाढवलेली, चौथीपर्यंत शिकलेली, आणि जंतू म्हणजे पगार मिळावा म्हणून माझ्यासारख्यांनी काढलेलं खूळ, अशी पक्की समजूत असलेली बाई. मला दिवस गेले तेव्हा त्या पनवेलला आमच्याकडे राहायला आल्या आणि स्वयंपाकघरात रोज एक खटला उभा राहू लागला. तांदूळ किती पाण्यांनी धुवायचे, ओट्याचं फडकं कधी बदलायचं, भाजीत मीठ कधी आणि किती घालायचं. "तुझ्या हातचं आळणी लागतं बाय," असं त्या मला तोंडावर सांगत. मी त्यांना रक्तदाबावर व्याख्यान देई. व्याख्यान संपेपर्यंत त्या भाजीत आणखी एक चिमूट टाकून मोकळ्या झालेल्या असत.

लेक सातवा महिना संपता संपता झाली. वजन बाराशे ग्रॅम. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात तिला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि पेटीवर चिठ्ठी लावली, त्यावर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. तिला हात लावायचा तर आधी कोपरापर्यंत तीनदा हात धुवायचे. आयुष्यात प्रथमच एका ठिकाणी सगळे माझ्या नियमांनी वागत होते, आणि मला त्याचा काडीचा आनंद होत नव्हता.

चौथ्या दिवशी मला घरी सोडलं. बाळ तिथेच राहिलं. तिला अजून ओढून पिता येत नव्हतं, नळीतून थोडं थोडं दूध द्यायचं होतं. ते मी घरी पंपाने काढायचं, डब्यांत भरायचं आणि नवऱ्याने स्कूटरवरून हॉस्पिटलात पोचवायचं, अशी व्यवस्था ठरली. बाळासाठी मला करता येण्यासारखी ही एकच गोष्ट होती. मग ती मी अशी करायला घेतली की कारखान्यातल्या कुणालाही धडकी भरावी.

मी एक तक्ता केला. जाड कार्डावर, लाल शाईने, पंप धुण्याच्या सात पायऱ्या लिहिल्या आणि स्वयंपाकघरात सिंकच्या वर चिकटवला. हात धुण्यापासून पंपाचे भाग दहा मिनिटं उकळण्यापर्यंत सहा पायऱ्या पुस्तकातल्या. सातवी माझी स्वतःची. आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी. ते उकळलं की पंपाच्या भागांवर पांढरट क्षार बसायचे, हात लावला तर बोटाला लागणारे. मला डाग बघवत नाही. माझा धंदाच तो. म्हणून सातवी पायरी: 'उकळलेले भाग फिल्टरच्या पाण्याने स्वच्छ विसळून वाळत ठेवणे.' त्या पायरीखाली मी रेघ मारली होती, दोन वेळा.

पंपाचे दोन संच होते. सकाळी मी हॉस्पिटलात बाळाला छातीशी घेऊन बसायला जायचे, तेव्हा एक संच सासूबाई धुवायच्या. मी त्यांना तक्त्यासमोर उभं करून सगळं पाठ म्हणायला लावलं होतं. त्यांनी म्हटलं. पाठांतराच्या शेवटी एवढंच विचारलं, "उकळलेलं परत कशाला धुवायचं गं?"

"डाग राहतात, आई."

"डाग पोटात जातात का?"

"तक्त्यात लिहिलंय तसं करा, आई," मी म्हटलं. शिकलेल्या माणसाची ही एक सोय असते. उत्तर नसलं की लिहिलेलं दाखवायचं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बाळाला छातीशी घेतलं तर ती नेहमीसारखी चिकटली नाही. अंग गार होतं. मग तिचे पाय सायकल चालवल्यासारखे हलू लागले. मला वाटलं, जोर आला पोरीला. मी हसून नर्सला हाक मारली. ती उरणकडची होती, करंजाची, वयाने माझ्याहून लहान. तिने एकदा त्या पायांकडे बघितलं आणि बाळ माझ्या हातातून काढून घेतलं. "खेळत नाय ती, ताई," ती म्हणाली. "फीट हाय."

ती सायकल मला अजून दिसते. मी हसले होते हे जास्त दिसतं.

पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, ते गढूळ आलं. मेंदूज्वर. टाळूवरून सोनोग्राफी केली तर मेंदूत पू साठलेला. दोन दिवसांनी लॅबने जंतूचं नाव सांगितलं. दुर्मिळ, डॉक्टर म्हणाल्या, मी इतक्या वर्षांत एकदोनदाच पाहिलाय. नाव लांबलचक, नाव-आडनावासारखं दोन शब्दांचं. आमच्या पोरीला अजून नाव नव्हतं. बारसं तिच्या घरी येण्यावर टाकलं होतं आणि आत्या नावांच्या याद्या पाठवत होत्या. तिच्या डोक्यात शिरलेल्याचं मात्र रीतसर नामकरण झालं होतं.

नातेवाईक धीर द्यायला आले. एका मावशींनी विचारलं, जंतू मेंदूत शिरलाच कुठून, कानातून की काय? कमी दिवसांच्या बाळाची आतडी कच्ची असतात, तिथून रक्तात आणि रक्तातून वर, असं मी समजावलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि कान बांधून ठेवा म्हणाल्या. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी लसणाचा धूर सुचवला. कुणी हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पाडला, आणि त्यातच एकाने पाण्याच्या टाकीची सफाई उद्या आहे असंही कळवलं.

ते टाकीचं वाचलं आणि मला आमच्या सिंकवरचा नळ आठवला.

हा जंतू मला माहीत होता. भेट नव्हती, वाचून ओळख होती. तो कोरड्या पावडरीत टिकतो, सिंकमध्ये राहतो, नळाच्या तोंडाशी थर करून बसतो. मोठ्या माणसाला काही करत नाही. आमच्या फिल्टरची तोटी मी शेवटची कधी उघडून घासली होती? कारखान्यात असली तोटी दिसली असती तर मी ते टेबल बंद पाडलं असतं आणि संध्याकाळी ते हसत हसत घरी सांगितलं असतं. उकळून निर्जंतुक केलेली वस्तू न तपासलेल्या नळाखाली धरायची, हे आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात शिकाऊ मुलींना करू नका म्हणून शिकवतात. शिकवते मीच.

डॉक्टरांनी विचारलं होतं, पंप कसा धुता? मी सहा पायऱ्या घडाघडा म्हणून दाखवल्या आणि थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत एकटी गेले आणि सातवी सांगितली. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"त्याच्यामुळेच झालं हे आता कुणी सिद्ध करू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "तो कुठेही असतो. आमच्याकडेही असू शकतो, आम्ही तपासतोय. तुम्ही आजपासून दूध इथेच काढा, आमच्या सेटने. आणि स्वतःला खाऊ नका, तुम्हाला दूध यायला हवंय."

मी घरी आले आणि तक्ता काढला. भिंतीचा थोडा रंगही त्याच्याबरोबर निघाला. सासूबाई शेगडीपाशी उभ्या होत्या. मी म्हटलं, "आता घरी काही धुवायचं नाही. सगळं हॉस्पिटलात." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मी सांगितलं नाही. तक्ता घडी करून रिपोर्टांच्या फायलीत सर्वांत खाली घातला.

आणि एक केलं. फिल्टरच्या तोटीत काडी फिरवून बशीत टेकवली आणि रजेवर असूनही ती बशी कारखान्याच्या लॅबमध्ये नेऊन ठेवली. दोन दिवसांनी तिच्यात पिवळट ठिपके उगवले होते, भरपूर. पिवळट ठिपके बऱ्याच जंतूंचे असतात. ओळख पटवायला पुढची चाचणी लागते, आणि ती माझ्या टेबलापासून चार पावलांवर होत होती. मी बशी निर्जंतुक करायच्या भांड्यात टाकून बटण दाबलं. दहा वर्षं दुसऱ्यांच्या बशा वाचून त्यांच्या पगारवाढी अडवलेली मी, माझी स्वतःची एक बशी वाचली नाही.

बाळाच्या टाळूतून सुई घालून पू काढला. एकदा, आणि मग आणखी एकदा. औषधं आठवडेच्या आठवडे चालली. डॉक्टर रोज सांगत, आज आहे, उद्याचं उद्या. वाचली तर बसेल का, चालेल का, आम्हाला ओळखेल का, यातलं काही सांगता येणार नाही म्हणत. त्या दिवसांत मी देवाशी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. मला फक्त ती हवी होती, कशीही.

ती आली. तीन महिन्यांची होऊन, अडीच किलोची. पुढे डोक्यात पाणी साठलं म्हणून नळी घातली. ती कानामागून कातडीखाली पोटापर्यंत जाते, हात फिरवला तर लागते. चालायला उशीर लागला. डावा हात मनात आलं तर काम करतो. बोलण्यात मात्र कसलीही कमतरता नाही, तिथे मेंदू थोडा जास्तच वाचलाय असं आमचे डॉक्टर म्हणतात.

घरात आणखी एक बदल झाला. सासूबाई माझ्याशी वाद घालायच्या बंद झाल्या. तांदूळ किती पाण्यांनी धुवू, फडकं बदलू का, सगळं विचारून करू लागल्या. चाळीस वर्षं चूल सांभाळलेली बाई झाकण उचलून हाक मारी, "मीठ किती घालू गं?" मी आतून सांगे, अर्धा चमचा. मी मैत्रिणींना सांगायचे, बघा, एवढं मोठं दुखणं बघितलं आणि शास्त्राचं महत्त्व पटलं शेवटी. मला ते आवडायचं. बांगड्या सारणाऱ्या बायकांइतकंच आवडायचं.

तर त्या रविवारी अर्ज भरायला फाईल काढली. लेक गॅलरीत बाहुलीला इंजेक्शन देत होती. नवऱ्याने चौथ्या पानावर पेन टेकवलं.

"कारण काय लिहू?" तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "माशांची पेटी लिहू का?"

"कसली पेटी?"

"दूध नेत होतो ती. थर्माकोलची. करंजाहून पापलेट आणायचो तीच होती ती. नवीन आणायला वेळच नव्हता. साबणाने घासली, लिंबू चोळलं, दोन दिवस उन्हात ठेवली. तरी पळस्प्याच्या सिग्नलला थांबलो की मला वास यायचा." तो कान लाल करून बसला होता. "डॉक्टरांना तेव्हाच सांगितलं मी. त्या म्हणाल्या, बंद डबा होता, पेटीचा संबंध नाही. पण तुला सांगायची हिंमत झाली नाही. त्यानंतर मी पापलेट आणलं नाही, बघ."

हे खरं होतं. पाच वर्षं आमच्याकडे पापलेट आलं नव्हतं. मी समजत होते महाग झालंय. मला हसू आलं आणि ते आवरेना. तोही हसू लागला, सुटल्यासारखा. फाईल उलटी झाली आणि घडी केलेला तक्ता जमिनीवर पडला.

सासूबाईंनी तो उचलला. उघडला. लाल अक्षरांवरून बोट फिरवत खाली गेल्या आणि दुहेरी रेघेपाशी थांबल्या.

"पेटीनं नाय झालं," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळं झालंय."

आमचं हसणं थांबलं.

"ही सातवी. ही मी कधी केलीच नाय." त्या तक्त्याशीच बोलत होत्या. "तू सकाळी जायचीस. मी ती भांडी उकळायचे, चिमट्यानं काढायचे नि झाकून ठेवायचे, तशीच. नळाखाली धरली नाय. मला वाटायचं, उकळलंय ना, मग पुन्हा कशाला. आळस नव्हता गं. मला पटायचं नाय. तू आलीस नि इचारलंस, सगळं तक्त्यापरमाणं केलं का, तर मी हो म्हणायची. मग पोर आजारी झाली. नि तू येऊन तक्ता फाडून काढलास. मी तवाच समजले, हिला कळलंय. पण बोलली नाय मला एका शब्दानं. शिकलेली हाय, मोठ्या मनाची हाय, सासूला घालून पाडून बोलली नाय. तवापासनं मी ठरवलं, इथून पुढं सगळं हिला इचारून करायचं. मिठाचासुदा भरोसा नाय माझा."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "रोज रात्री तिच्या डोक्यावरनं हात फिरवते ना मी. त्या नळीला हात लागला की माफी मागते."

मी त्या हाताकडे कितीदा पाहिलं होतं. आजी नातीला थोपटतेय, एवढंच मला दिसलं होतं.

नवरा माझ्याकडे बघत होता. त्याला सातव्या पायरीतलं काही माहीत नव्हतं. मी आता गप्प बसले असते तर घरात कुणालाच कधी कळलं नसतं, आणि एक क्षण मी गप्प बसलेही. ते लिहायलाच हवं. त्या एका क्षणात मी हिशोब केला की त्या सत्तरीच्या आहेत, त्यांनी माफी मागायची सवय करून घेतलीच आहे, आणि मला अजून बरीच वर्षं या घरात हुशार म्हणून राहायचंय. इतकी मी वाईट आहे.

मग मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि तक्ता हातातून घेतला.

"आई, सातवी पायरीच चूक होती."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. उकळून काढल्यावर तसंच झाकून ठेवायचं असतं. नळाखाली धरलं की सगळं उकळणं फुकट. फिल्टरची तोटी घाण होती. मी धुतलेल्या संचाला ते पाणी लागत होतं, तुम्ही धुतलेल्याला नाही. डॉक्टरांना मी सांगितलं होतं, तुम्हाला नाही. बशीचंही सांगितलं. पिवळ्या ठिपक्यांचंही.

गॅलरीत लेक बाहुलीला दटावत होती, रडायचं नाही, झालं झालं.

मला वाटलं होतं सासूबाई रडतील, किंवा मला जवळ घेतील. माझ्या मनात तसलं एक चित्र तयारही होतं. त्यांनी तसं काही केलं नाही. त्या रागावल्या होत्या. त्यांचा राग मी पाच वर्षांत पाहिला नव्हता, आणि तो किती ओळखीचा होता.

"म्हणजे मी धुतलेली बरोबर व्हती?"

"हो आई. घरात तुमची एकटीचीच बरोबर होती."

"नि तुला म्हाईत व्हतं."

"चूक माझी आहे हे माहीत होतं. तुम्ही स्वतःला दोष देताय हे नव्हतं माहीत."

"इचारलंस कधी? मी मीठ किती घालू इचारते, ते का इचारते, इचारलंस?"

मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

त्यांनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. रात्रीच्या दुधीचं पातेलं ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. नवऱ्याने अर्जातली अर्धी ओळ माझ्याकडे सरकवली आणि मी तिच्यात लिहिलं, 'घरचं पाणी, आईच्या हातून.' जागा बरोबर पुरली.

आतून सासूबाईंचा आवाज आला. नातीला हाक मारावी इतका मोठा, पण मला उद्देशून.

"मीठ घातलं मी. आळणी खायचं असेल त्यानं आपलं वेगळं शिजवा."

रात्री भाजी खारट झाली होती, चांगलीच. मी दोनदा घेतली.